पाळणाघरात द्यायच्या दुधाच्या बाटल्या: पावसाळ्यात न सुटणारी नावं

जूनपासून सात महिन्यांचं बाळ रत्नागिरीत पाळणाघरात, सोबत काढून ठेवलेलं आईचं दूध, आणि कागदी स्टिकर फ्रिजमधून बाहेर येताच सुटतात, असा तुमचा प्रश्न आहे. स्टिकर बदलून अर्धंच काम होईल. लेबल ताईंसाठी असतं: चार बाळं एकदम रडत असताना कोणाची, कोणती आधी, कधीची, हे त्यांना एका नजरेत कळायला हवं.

थंड बाटलीला आपल्या दमट हवेत लगेच घाम येतो आणि कागद भिजतो. त्यात बाळाला तेल लावलेल्या हाताने बाटली धरली असेल तर कुठलाच गोंद धरत नाही. म्हणून बाटली धुऊन, पूर्ण कोरडी झाल्यावर, दूध भरण्याआधी औषधाच्या दुकानातली पांढरी कापडी चिकटपट्टी बाटलीभोवती पूर्ण गुंडाळा. शेवट सुरुवातीवर बोटभर चढवा. त्यावर परमनंट मार्करने देवनागरीत नाव आणि आडनाव. नुसतं ‘सोनू’ लिहून भागत नाही, सोनू प्रत्येक घरात असतो. मापाच्या रेघा मोकळ्या ठेवा, नाहीतर किती प्यायलं ते अंदाजाने सांगितलं जातं. झाकणावरही नाव हवंच, कारण अदलाबदल होते ती धुताना, आणि झाकणांचीच. निपलवर काही चिकटत नाही. ती नाव घातलेल्या डबीतच द्या.

तारीख-वेळेची पट्टी वेगळी, रोज नवी: दूध काढल्याची तारीख, वेळ, किती मिली आणि पाजायचा क्रम. जुनं दूध एक नंबर.

बाळ दूर असेल त्या प्रत्येक तासाला साधारण 30 ते 45 मिली धरा. नऊ तासांसाठी 80 मिलीच्या चार बाटल्या आणि 50 मिलीची एक राखीव पुरते. मोठ्या बाटल्या भरू नका: तोंड लागलेलं उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकूनच द्यायचं असतं.

ताजं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. गोठवलेलं पूर्ण वितळलं की फ्रिजमध्ये 24 तास, पुन्हा गोठवायचं नाही. बाहेर चार तास चालतं असं वाचाल, पण ते 25 अंशांपर्यंतच्या खोलीत. आपल्याकडे तो हिशेब धरू नका. दूध न्यायच्या पिशवीत दगडासारखे गोठलेले बर्फाचे पॅक हवेत. रात्री लाइट गेली तर ते अर्धवट गोठतात, म्हणून सकाळी दाबून बघा. पाळणाघराच्या फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात बाटल्या ठेवू देऊ नका, दार उघडलं की तिथलं तापमान आधी चढतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, मागच्या बाजूला ठेवायला सांगा. बांगड्याच्या कालवणाशेजारी उघडं दूध कोणालाच नको.

ताईंना एक गोष्ट लिहूनच द्या: वर साय तरंगते, दूध फाटलेलं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरायची, हलकेच गोल फिरवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. दूध मध्येच कुठेतरी उकळतं आणि तोंड भाजतं.

स्कूटरवर गळते ती बाटली बहुतेक रिंग तिरकी बसल्यामुळे. निपल काढून सपाट झाकण लावून पाठवा.

परत आलेली बाटली सगळे भाग सुटे करून साबणाने धुवा, उकळी फुटल्यावर पाच मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून ठेवा. पंच्याने पुसू नका. पाणी झटकून स्वच्छ जाळीवर पंख्याखाली उपडी ठेवा. ओलसर बाटली झाकण लावून ठेवली की रिंगच्या आट्यांत काळी बुरशी धरते. पावसाळ्यात एका रात्रीत वाळत नाहीत, म्हणून दोन संच ठेवा आणि आलटूनपालटून वापरा.

बाळ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पीत असेल आणि ताई तसं पाजायला तयार असतील, तर निपलची कटकटच नको. दूध झाकणाच्या काचेच्या बाटल्यांतून द्या. पट्टी तशीच लावा. औषध मात्र दुधाच्या पिशवीत घालू नका, नाव आणि मात्रा लिहून वेगळं हातात द्या.