देणगीच्या ग्राफिकमध्ये आकडेवारी द्यावी की मुलांचे फोटो?

तुमची गावातली छोटी संस्था मुलांसाठी काम करते आणि व्हॉट्सॲपवर देणगीचं आवाहन फिरवायचं आहे, तर ग्राफिकमध्ये आकडेवारी द्यावी की मुलांचे फोटो, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, एकाच मुलाची गोष्ट आणि एकच रक्कम द्या. चेहरा दाखवायलाच हवा असं नाही. हे मी चूक करून शिकले, म्हणून ती चूक आधी सांगते.

मी पुण्यात पॅकेजिंगचं डिझाइन करते. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं चालतात. अशाच एका वसतिगृहासाठी पहिलं पोस्टर केलं तेव्हा मी डोळे भरून आलेल्या एका मुलीचा फोटो निवडला, तो काळापांढरा केला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, ‘हिचा काय दोष?’ पोस्टर खूप फिरलं. फिरत फिरत ते उसाच्या फडावर, मुकादमाच्या फोनवर पोचलं. मुलीच्या वडिलांनी तिथूनच वसतिगृहाच्या बाईंना फोन केला. “आम्ही इथं कोयता चालवतोय ते पोरीला भीक मागाय लावायला न्हाई,” एवढंच बोलले. आम्ही पोस्टर काढलं, पण फॉरवर्ड झालेलं चित्र कोण परत आणणार? आणि त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण त्या दिवशी तिची दाढ दुखत होती. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

आता आकडेवारीचं. अमेरिकेत डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी ५ डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे मुलांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्थेला द्या म्हणून सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दाखवले, त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना फक्त मालीतल्या ७ वर्षांच्या रोकियाबद्दल सांगितलं, त्यांनी २.३८ दिले. आणि ज्यांना रोकिया आणि आकडे दोन्ही दाखवले, त्यांनी १.४३. आकडे शेजारी बसले आणि हात आखडला. म्हणून तुमच्या आकडेवारीचा तक्ता वार्षिक अहवालात छापा, पोस्टरवर नको. अहवाल मागणारा देणगीदार वेगळा असतो आणि तो तक्ता नक्की वाचतो.

मग मूल एकच हवं, पण कसं? युनिसेफचं पहिलं ग्रीटिंग कार्ड १९४९ सालचं. चेकोस्लोव्हाकियातल्या ७ वर्षांच्या मुलीने मदतीचे आभार मानायला काढलेलं चित्र होतं ते. खांबाभोवती नाचणाऱ्या मुली, भूक कुठेच नाही. आपल्या मुंबईत रिप्पन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी १९७९ मध्ये ५० रुपयांवर मुलांसाठीची ‘क्राय’ ही संस्था सुरू केली, तीसुद्धा ग्रीटिंग कार्डांच्या विक्रीवरच उभी राहिली. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला.

आमच्या दुसऱ्या पोस्टरवर पाठमोरी मुलगी आहे, लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या, फळ्यावर गणित सोडवतेय. खाली लिहिलंय, ‘आई-बाबा फडावर आहेत. सुनीता शाळेत आहे.’ नाव बदललेलं आहे आणि तसं बारीक अक्षरात म्हटलंय. त्याखाली एका मुलीच्या महिन्याच्या जेवणाचा खर्च, एकच आकडा. बास.

जमलेल्या रकमेची पट्टी दाखवणार असाल तर शून्यापासून सुरुवात करू नका. विश्वस्तांकडून, जवळच्या लोकांकडून आधी काही जमवा, मगच पट्टी बाहेर काढा. जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली यांच्या २००२ च्या प्रयोगात उद्दिष्टापैकी आधीच जमलेला म्हणून दाखवलेला भाग १० टक्क्यांवरून ६७ टक्के केला, तेव्हा एकूण देणग्या जवळजवळ सहापट झाल्या. अर्थात जमलेला आकडा खराच हवा.

क्यूआर कोड टाकाच, पण पोस्टर ज्या फोनवर आलंय त्याच फोनने तो स्कॅन करणं अनेकांना अवघड जातं. सोबतच्या मजकुरात यूपीआय आयडी वेगळा लिहा, म्हणजे कॉपी करता येतो. स्वतः १ रुपया पाठवून बघा. स्क्रीनवर संस्थेचं नाव यायला हवं. खजिनदाराचं खासगी नाव दिसलं की माणूस तिथेच थांबतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

अक्षरासाठी ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ वापरा, दोन्ही मोफत मिळतात. ओळींत अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारात अडकतात. झालेलं पोस्टर साध्या फोनवर, भर उन्हात, हात लांब करून वाचून बघा.

आणि फिरवायच्या आधी ते मुलाच्या आईवडिलांना पाठवा. आम्ही आता पाठवतो. मागच्या हंगामात एका आईने फडावरून कळवलं, वेणी वाकडी आलीय, नीट घालून पुन्हा काढा. आम्ही फोटो पुन्हा काढला.