आधी तिला गोळीचं नाव सांगा

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावी झाली, ८१ टक्के पडले. तिला जन्मापासून सीएएच (कन्जेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार) आहे, रोजच्या गोळ्या चालू आहेत. तिच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, सुट्टीत ती तिथेच असते. तिला पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घ्यायचंय, होस्टेलवर राहावं लागेल. नणंद म्हणते, 'आधीच अंगात पुरुषी हार्मोन, त्यात लोखंडात घातलीत तर पोरगी हातची जाईल.' तिचं वागणं मुलीसारखं होईल अशी एखादी लाइन सुचवा. पेपरच्या दिवसांत टेन्शन नको म्हणून तिला अर्धी गोळी जास्त देत होते. आजाराचं तिला काही सांगितलेलं नाही, गोळ्या ताकदीच्या आहेत एवढंच माहीत आहे. – एक आई, सांगली जिल्हा

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मार्क, ब्रँच, नणंद सगळं सविस्तर लिहिलंत आणि हे जाता जाता! दहावी झालेली मुलगी रोज गोळी घेते आणि ती कशाची हे तिला ठाऊक नाही. ताकदीची गोळी माणूस ताकद आली की बंद करतो. होस्टेलवर तुम्ही नसणार. एखाद्या आठवड्यात तिला वाटलं, आता मी ठणठणीत आहे, कशाला हव्यात गोळ्या, तर? कॉर्टिसॉल हे शरीराला जगण्यासाठी लागणारं संप्रेरक. तिच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना ते पुरेसं बनवता येत नाही, म्हणून बाहेरून द्यावं लागतं. ते अचानक थांबलं तर जिवावर बेततं.

आणि खरं सांगू? तिला काहीच माहीत नाही यावर माझा विश्वास नाही. गोळीच्या पाकिटावर नाव छापलेलं असतं आणि मोबाइल तिच्या हातात आहे. रात्री एकटीने शोधताना तिला काय काय वाचायला मिळालं असेल याचा विचार करा. तुम्ही गप्प बसल्यामुळे तिच्यापर्यंत एकच गोष्ट पोचते, की आपल्यात काहीतरी लाजिरवाणं आहे.

लाजण्यासारखं काही नाही. ग्रंथीतलं एक एन्झाइम कमी पडतं, बहुतेकांत २१-हायड्रॉक्सिलेज. कॉर्टिसॉल तयार होत नाही म्हणून मेंदू ग्रंथीला हाकत राहतो आणि तिथला कच्चा माल अँड्रोजेनच्या, म्हणजे पुरुषी संप्रेरकांच्या वाटेला लागतो. हे पोटात असल्यापासून चालतं. यात बीजकोश, गर्भाशय इतर मुलींसारखेच असतात आणि नीट उपचार घेऊन अनेकजणी आई झाल्या आहेत. शिवाय हा सदोष जीन आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. नणंदबाईंना सांगा, निम्मा वाटा त्यांच्या माहेरचा आहे.

आता त्यांच्या 'पुरुषी हार्मोन'विषयी. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सीएएच असलेल्या लहान मुली गाड्या, ठोकळे अशा खेळण्यांत जास्त रमतात, हे बेरेनबॉम आणि हाइन्स या संशोधकांनी १९९२ मध्येच दाखवलं. स्वीडनमध्ये अशा ६२ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी ३० टक्के पुरुषांचं प्रमाण जास्त असलेल्या व्यवसायांत होत्या, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर स्त्रियांपैकी १३ टक्के. म्हणजे कल थोडा बदलतो. पण कल वेगळा आणि 'मी मुलगी आहे' ही आतली जाणीव वेगळी. २००५ मध्ये मुलगी म्हणून वाढवलेल्या अशा २५० जणींची माहिती एकत्र तपासली गेली, त्यातल्या जवळजवळ ९५ टक्के स्वतःला स्त्रीच मानत होत्या. उरलेल्या थोड्यांना याबाबत खरोखर त्रास झाला. तुमची मुलगी कधी तसं काही बोललीच तर तिला ओरडू नका, ऐकून घ्या. पण ते लेथ मशीनमुळे घडत नाही आणि भरतकामाने टळत नाही. आणि गॅरेजवाल्याचा मुलगा स्पॅनर घेऊन बसला की 'बापावर गेलाय' म्हणायचं, मुलगी बसली की हार्मोन, हा कुठला न्याय? १३ टक्क्यांतल्या त्या बायकांना तर हा आजारही नव्हता.

म्हणून वागणं बदलणारी 'लाइन' मी सुचवणार नाही. मुलीला 'मुलीसारखं' करायला म्हणून घातलेल्या कोर्समधून अर्ध्यात बाहेर पडलेल्या मुली मी पाहिल्यात. वागणं बदललेली एकही नाही.

डिप्लोमाचं सोपं आहे : दहावीच्या मार्कांवर प्रवेश, सीईटी नाही, पुढे हवं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. माझी शंका वेगळीच आहे. इंजिन खोलायची आवड म्हणजे मेकॅनिकलची आवड असं नेहमी नसतं. तिथे गणित आणि ड्रॉइंग घाम काढतात. ८१ टक्क्यांत गणिताचे किती, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

पेपरसाठी जादा गोळी मात्र पुन्हा देऊ नका. अभ्यासाच्या टेन्शनला वाढीव डोस लागत नाही, २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. डोस वाढवावा लागतो तो चांगला ताप आला, ऑपरेशन असलं की. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. किती, कधी, हे तुमच्या एंडोक्रिनोलॉजिस्टकडून (हार्मोनच्या डॉक्टरांकडून) लिहून घ्या.

त्याच भेटीत तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. पण आजाराचं नाव तिला पहिल्यांदा तुमच्या तोंडून कळू दे, घरात, ती भेट व्हायच्या आधी. लहानपणी एखादं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा. वडिलांनाही बसवा सोबत, गॅरेज तासभर बंद राहिलं तर चालेल.

होस्टेलवर इंजेक्शन कुठल्या कप्प्यात आहे आणि ते कधी लागतं, हे रूममेटला तिनेच सांगायचंय. प्रवेशाचा फॉर्मही तिलाच भरू द्या. आणि मला ते गणिताचे मार्क कळवा.