माडाचं सांगा, मास्तर

मांद्रे, पेडणे
गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

गेल्या गुरुवारी सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होतो. ‘सर, लँडफॉल! सिएस्टा की!’ एवढाच तुझा निरोप, म्हणजे वादळाचं केंद्र तिथे जमिनीवर चढलं, आणि खाली रडारचं चित्र. नवरात्रात लोक देवीसाठी जागतात, तू अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या मिल्टन वादळासाठी जागलीस. तिथे बुधवारची रात्र साडेआठ, इथे आपली पहाट. त्यानंतर तू कॉलेजला गेलीस की अंथरुणात शिरलीस ते विचारत नाही.

रागावलोही नाही. ७ तारखेला त्या वादळाच्या केंद्रातला दाब ९०० मिलिबारच्या खाली गेला, तेव्हा मीसुद्धा चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला होता. ज्याला हे बघून काही होत नाही त्याने हवामानाच्या वाटेला जाऊच नये. पण तू लिहितेस, ‘या वेळी मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं.’ त्यावर मात्र मला बोलायचं आहे.

तू रात्रभर वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मधोमधची शांत जागा, बघत होतीस. डोळा नेमका कुठे किनारा ओलांडणार, टँपा शहराच्या वर की खाली, यावर तुझं सगळं लक्ष. त्याच रात्री, आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, फ्लोरिडाच्या दुसऱ्या, म्हणजे अटलांटिककडच्या किनाऱ्यावर सेंट लूसी परगण्यात चक्रीवातांनी (टॉर्नेडोंनी) एका वस्तीत सहा माणसं मारली. डोळा तेव्हा अजून समुद्रात होता आणि लँडफॉलला काही तास होते. टँपाच्या खाडीत पाणी चढेल म्हणून सगळं जग श्वास रोखून होतं. डोळा खालच्या अंगाने शिरला, खाडी वादळाच्या डाव्या हाताला पडली आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने तिथलं पाणी उलट बाहेर ओढून नेलं. तिथून जवळच सेंट पीटर्सबर्गला मात्र १८ इंचांहून जास्त पाऊस. या तिन्हींपैकी एकही गोष्ट तुझ्या निरोपात नव्हती. निरोपात होतं ते टाचणीने टोचलेलं एक ठिकाण.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्या हातून हेच झालं होतं, आणि ते दूरदेशीच्या वादळात नव्हे.

२०२१ चा मे महिना. तौक्ते वादळ लक्षद्वीपकडून वर सरकत होतं. १५ तारखेला रात्री मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून दर तीन तासांनी पेन्सिलीने केंद्र मांडत होतो. शेजारच्या काकी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, ‘मास्तर, आज झोपायचं की नाही?’ मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, केंद्र आपल्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर बाहेरून जातंय, धडक गुजरातेत, निर्धास्त झोपा. यातलं एक अक्षर चुकलं नाही. केंद्र बाहेरूनच गेलं. १७ ला रात्री दीव-उनाच्या बाजूला धडकलं. आणि १६ ला, रविवारी सकाळी, काकींच्या परड्यातला माड त्यांच्या स्वयंपाकघरावर आडवा झाला. काकी तेव्हा विहिरीवर होत्या म्हणून आज आहेत. गोव्यात त्या वादळाने दोन माणसं नेली. कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. रस्त्यावर खांब, खांबावर झाड, झाडात तारा, असं दृश्य होतं.

मी कौलं उचलायला गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘तुमचं वादळ कुठे का जाईना, मास्तर, आमच्या माडाचं सांगायचं होतं.’

त्या दिवसापासून मी नकाशा दोन वेळा बघतो. एकदा केंद्र कुठे आहे ते, आणि मग ते केंद्र विसरून, आपण त्याच्या कुठल्या अंगाला आहोत ते. तौक्ते उत्तरेला चाललं होतं. आपल्या गोलार्धात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून चालत्या वादळाच्या उजव्या अंगाला त्याचा स्वतःचा वेगही वाऱ्यात मिसळतो. वर निघालेल्या वादळाचं उजवं अंग म्हणजे आपला सबंध कोकण किनारा. ते बाहेरून जात होतं हे खरं, पण आपल्याला उजवा खांदा घासत जात होतं. हे मी भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलंय. त्या रात्री आठवलं नाही.

आपल्या गोव्याचा अनुभवही तपासून बघ. २०१७ चं ओखी आठवतंय? तू शाळेत असशील. शेकडो किलोमीटर लांब समुद्रात होतं, इथे वाऱ्याचा पत्ता नव्हता. पण त्याने उठवलेल्या लाटा चालत आल्या, ३ डिसेंबरला पौर्णिमा, त्यात चंद्र नेहमीपेक्षा जवळ. लाटा आणि उधाण एकमेकांवर स्वार झाले आणि मोरजी, मांद्रे, केरीच्या शॅकांतून पाणी शिरलं. खुर्च्या समुद्रात, समुद्र स्वयंपाकघरात. २०१९ चं क्यार तर सुपर सायक्लोन झालं, पण किनाऱ्याकडे पाठ करून ओमानच्या दिशेने गेलं आणि ताकदीत असताना कुठेच जमिनीवर चढलं नाही. तुझ्या वहीत त्याच्यापुढे लँडफॉलचा रकाना कोरा राहील. आमच्याकडे त्याच दिवसांत, दिवाळीच्या तोंडावर, कापणीला आलेलं भात शेतात झोपलं होतं.

म्हणजे गोव्यातल्या माणसाने फक्त लँडफॉल मोजायचं ठरवलं तर आयुष्यभर दुसऱ्यांचीच वादळं मोजत बसावं लागेल. आपल्या वाट्याला येते ती वादळाची कड, आणि कडेला नाव नसतं, आकडा नसतो, बातमीत मथळा नसतो.

कड वाचायला शिकायची तर आधी घराबाहेर उभी राहा. वाऱ्याकडे पाठ कर, डावा हात बाजूला पसर, किंचित पुढे घे. कमी दाबाचं केंद्र साधारण त्या बाजूला. बाइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला हा नियम आहे, आणि त्याला नेटवर्क लागत नाही. तौक्तेच्या वेळी मी नंतर वहीतल्या नोंदी लावून बघितल्या: रात्री वारा आग्नेयेचा, सकाळी दक्षिणेचा, मग नैऋत्येचा. घराच्या ओसरीवरूनच ते वादळ माझ्या डाव्या हाताने नैऋत्येकडून वायव्येकडे सरकताना दिसत होतं. मी मात्र टेबलावर वाकलेलो. (डोंगर, इमारती वारा वळवतात, तेव्हा मोकळी जागा बघ. घरामागच्या गल्लीतला वारा कुणाचाच नसतो.)

दाबाचंही सांगतो, कारण तुझ्या फोनमध्ये दाबमापक आहे हे कळल्यापासून तू मला रोज दुपारी घाबरवतेस. बाय, आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढ, दुपारी चारच्या सुमारास उतार, पुन्हा रात्री दहाला चढ, पहाटे चारला उतार. तीन-चार मिलिबारचा हा रोजचा झोका आहे. दुपारी दाब पडला म्हणजे वादळ आलं नव्हे. रात्री दहाला तो चढायला हवा होता आणि चढला नाही, तर मला फोन कर, कितीही उशीर होवो. त्यासाठी आधी महिनाभर साध्या, कंटाळवाण्या दिवसांच्या नोंदी लागतात. त्या तू ठेवत नाहीस हे मला माहीत आहे.

भरतीचं गणित तुझ्या आजीला विचार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा मुंबईकडचा हिशेब. आपल्याकडे भरती थोडी आधी लागते. काल कोजागिरी होती, संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन आलो. वादळ नाही, वारा नाही, तरी भरतीची खूण किती वर होती ते बघायला हवं होतंस. त्यावर लांबच्या वादळाच्या लाटा चढल्या तर काय होईल याचा अंदाज करायला संगणकाचं मॉडेल लागत नाही.

मॉडेलवरून आठवलं. तू पाठवतेस त्या शेवयांसारख्या रेषांच्या चित्रांत प्रत्येक रेष म्हणजे वादळाच्या वाटेचा एकेक अंदाज, आणि त्यातली तुला आवडलेली एक रेष तू जाड करतेस. ते बंद कर. सगळ्या रेषा किती पसरल्यात तीच खरी माहिती. आणि अंदाजाच्या नकाशावरचा तो पुढे रुंदावत जाणारा शंकू केंद्र कुठे असू शकेल एवढंच दाखवतो. वादळाचा घेर दाखवत नाही. अमेरिकेच्या शंकूत तर केंद्र तीनातल्या साधारण दोन वेळाच आत राहतं. शंकूच्या बाहेर म्हणजे सुरक्षित असं समजणाऱ्यांची यादी मोठी आहे, तिच्यात मी आहे.

वाऱ्याचे आकडे एकमेकांत मिसळू नकोस. अमेरिकन संस्था एका मिनिटाची सरासरी देतात, आपलं हवामान खातं तीन मिनिटांची. त्याच वादळाचा अमेरिकन आकडा थोडा मोठा दिसतो आणि आपल्याकडच्या काही उत्साही मंडळींना वाटतं, खातं काहीतरी लपवतंय. काही लपवत नाही. पणजीला आल्तिन्होवर खात्याच्या कचेरीत बसलेली माणसं तुझ्याइतकीच जागत असतात. फरक एवढाच की त्यांच्या एका शब्दावर होड्या थांबतात.

होड्या. हे मला खरं तर आधी लिहायला हवं होतं. तुझ्या मामाची होडी शापोऱ्याला लागते. आत्ता ऑक्टोबर, मासेमारी जोरात, आणि अरबी समुद्राचा वादळांचा दुसरा हंगाम सुरू झालाय. मामा खोल पाण्यात असेल तर त्याला परतायला किती तास लागतात, कधी विचारलंस? विचार. मग तुला कळेल की लँडफॉलच्या आधीचे शेवटचे सहा तास, ज्यांत तुझं काळीज धडधडतं, ते मामाच्या काहीच उपयोगाचे नाहीत. त्याला हवा असतो तो दोन दिवस आधीचा, नकाशावर अजून नाव न मिळालेला, बेढब ढगांचा पुंजका. तेव्हा तू बघत नसतेस, कारण तेव्हा बघण्यासारखं काही नसतं. बंदरावरचा बावटा कुठला लागलाय ते बघायची सवय कर, आणि मामाला बावट्याबद्दल बोलताना ऐक. एक नंबर लांबच्या वादळाची सूचना, तीन नंबर लागला की बंदरालाच खराब हवेचा इशारा. त्याच्या मनात त्या आकड्यांना जो अर्थ आहे तो माझ्या पुस्तकांत नाही.

पुढच्या वादळात, तू मला निरोप पाठवशीलच, तर तो असा पाठव: अमुक वाजता, खात्याचं अमुक पत्रक, मांद्र्याला वारा कुठून, किती, भरती किती वाजता, आणि काय ठाऊक नाही. पत्रकावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर साडेपाच तास मिळव, यात मी एकदा तोंडघशी पडलोय. शेवटचा भाग, काय ठाऊक नाही तो, गाळू नकोस. काकींना मी ‘निर्धास्त झोपा’ ऐवजी ‘वारा किती येईल ते मला नीट सांगता येत नाही, माडाच्या बाजूला झोपू नका’ म्हटलं असतं, तर माझी विद्वत्ता थोडी कमी दिसली असती, इतकंच.

आणि हो, वादळाच्या लाटा बघायला किनाऱ्यावर जायचं नाही. मीही जात नाही. हे सांगायला लागू नये, पण तुझे दोन फोटो मी बघितलेत.

दाबाची वही घेऊन रविवारी ये. माझ्याकडचं जुनं दाबमापक तुझ्या फोनशी ताडून बघू. माझा संशय तुझ्या फोनवर आहे, तुझा अर्थात माझ्या दाबमापकावर.

तुझा,
मास्तर

ता. क. तुमच्या घराच्या नैऋत्येला पाणंदीच्या कडेने जो फणस आहे, त्याची वरची फांदी सुकलीय आणि ती थेट विजेच्या तारेवर झुकलीय. परवा जाताना बघितली. बाबांना सांगून ती उतरवून घे, वीजखात्याला आधी कळवून. दिवाळीपर्यंत थांबू नका.