घरच्यांसोबत बघायला हलकाफुलका विनोदी सिनेमा कसा निवडावा? विनोद, अभिनय आणि ‘फॅमिली’पणा कशावरून ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय, “सहकुटुंब बघा, क्लीन कॉमेडी” असं वाचून तिकिटं काढता आणि दर वेळी हॉलमध्ये घरातलं कुणीतरी एक गप्प होऊन बसतं. तुमच्या घरात सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि आठवीतला मुलगा. खरं तर उत्तर द्यायचं नव्हतं, सिनेमावर लिहिणाऱ्यांची इथे कमी नाही. पण ते “कुणीतरी एक गप्प” वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे तो एक मी होतो.

आधी सर्टिफिकेटचं उरकून टाकतो. यू म्हणजे सगळ्यांसाठी, यूए म्हणजे मुलांना दाखवायचं का ते पालकांनी ठरवायचं. सेन्सॉर बोर्डाच्या २०२४ च्या नियमांपासून यूएचे तीन भाग झालेत: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. तुमच्या मुलीसाठी यू किंवा यूए ७+ बघा, मुलाला १३+ चालेल. या आकड्यांवरून कुणाला दारात अडवत नाहीत, तो पालकांसाठी सल्ला असतो. ए असेल तरच १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. हे एवढं बघाच. पण त्यात मोजतात काय, तर मारामारी, शिव्या, बेडरूम, दारू-सिगारेट. विनोद कुणाच्या जिवावर चाललाय ते त्या कागदावर येत नाही.

आता मूळ दुखणं. मी ठाण्यात, नौपाड्यात सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या घरात राहतो. सासूबाईंच्या आजारपणात थोडे दिवस म्हणून कळव्याहून आलो आणि राहिलो. बायको एकटी किती धावणार? तिची थोरली बहीण नेरुळला, तिला रोज येणं शक्य नव्हतं. सोसायटीचा मेंटेनन्स, लाइटबिल, अप्पांच्या बीपीच्या गोळ्या, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा हिस्सा, सगळं मी भरतो. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विषय निघालाच आहे तर नोंद असू दे.

तर दिवाळीनंतरच्या एका रविवारी साडूभाऊ नेरुळहून ट्रान्स-हार्बर पकडून सहकुटुंब आले. सिनेमा त्यांनीच निवडला होता, मराठी, ताजा. “एकदम फॅमिली. एक शिवी नाही सिनेमात.” आणि खरंच नव्हती. नाव सांगत नाही, उगाच त्याच्या चाहत्यांशी वाद नको. हायवेवरच्या मॉलमध्ये आमची अख्खी रांग बसली. एका टोकाला अप्पा-आई, दुसऱ्या टोकाला मी, आणि माझ्या शेजारी साडूभाऊ.

हिरोचा मित्र घरजावई. तो पडद्यावर आला की त्याच्या हातात सासूची पिशवी. बाकी त्याला काही काम नाही, मत नाही, बायकोशी दोन वाक्यं नाहीत. पिशवी, आणि मागे बँडवाल्याच्या तुतारीसारखा “प्यां” असा आवाज. मध्यंतरापर्यंत तो दूध आणतो, प्यां. बायको त्याला ओरडते, प्यां. सासरा त्याला पंख्याखालून उठवतो, प्यां. आणि प्रत्येक ‘प्यां’ला साडूभाऊंची थाप माझ्या गुडघ्यावर. मी समोशाकडे बघत बसलो. बायको माझ्याकडे बघत नव्हती, यावरून तिला सगळं कळत होतं हे कळत होतं.

मध्यंतरात मी एवढंच म्हणालो की सिनेमा बरा नाही. त्यावर साडूभाऊंचं ठरलेलं वाक्य आलं: “अहो, तुम्ही फार विचार करता. कॉमेडी डोकं बाजूला ठेवून बघायची असते.”

या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे आणि ते आज इथेच मिटवतो.

डोकं बाजूला ठेवून चांगली कॉमेडी बघताच येत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या, १९८८ चा. दोन मित्र बायका झालेत, दोघं त्यांचे नवरे झालेत, घरमालकीणबाईंना काय सांगितलंय, नोकरीच्या ठिकाणच्या मॅडमना काय माहीत नाही, कुठल्या खोलीत आत्ता कोण कुठल्या कपड्यांत आहे, हा सगळा हिशेब बघणाऱ्याच्या डोक्यात पक्का असेल तरच पुढच्या दाराची कडी वाजली की हसू फुटतं. ‘अंगूर’मध्ये जुळ्यांच्या दोन जोड्या आहेत. पाच मिनिटं फोनमध्ये डोकं घाला, मग बसा विचारत की हा कुठला संजीवकुमार. ज्या सिनेमाला तुमचं डोकं नकोच असतं, त्याला ‘प्यां’ लागतं, कारण कुठे हसायचं ते सांगायला दुसरं कुणी नसतं.

हीच माझी विनोदाची पहिली कसोटी. ट्रेलर बघताना आवाज बंद करून बघा. तरी हसू आलं तर तिकिटं काढा. आवाजासकट बघितला आणि प्रत्येक विनोदानंतर एक वाद्य किंचाळलं, तर पैसे वाचले.

आता अभिनय. लोक म्हणतात अमक्याचं टायमिंग भारी, आणि बघत असतात बोलणाऱ्याकडे. मी ऐकणाऱ्याकडे बघतो. “धनंजय माने इथेच राहतात का?” या वाक्यात लिहिलेला विनोद काय आहे सांगा बरं. पत्ता विचारलाय. कुरिअरवाला रोज विचारतो. लक्ष्मीकांत बेर्डे तो साळसूद चेहऱ्याने विचारतो, आपण काय सुरुंग लावतोय याचा त्याला पत्ता नाही, आणि समोर सुधीर जोशींचा घरमालक आहे. त्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आपण हसतो. सुधीर जोशींनी तिथे तोंडं वाकडी केली असती तर ते वाक्य तीन दशकांहून जास्त टिकलं नसतं.

‘गोलमाल’मध्ये उत्पल दत्तांकडे बघा, १९७९ चा जुना ‘गोलमाल’ म्हणतोय मी. त्यांनी केलेले भवानीशंकर एकदाही विनोद करत नाहीत. त्यांच्या लेखी मिशी हा चारित्र्याचा प्रश्न आहे, तो गंभीर आहे, आणि ते शेवटपर्यंत गंभीर राहतात. म्हणून आपण खुर्चीवरून पडतो. विनोदी पात्राला आपण विनोदी आहोत हे कळता कामा नये. ज्या नटाच्या चेहऱ्यावर “बघा हं, आता येतोय” असं दिसतं, तो नट नव्हे, निवेदक.

अशोक सराफ यांच्याबद्दल वेगळं काय लिहायचं, २०२३ चा महाराष्ट्रभूषण झाला, २०२५ ला पद्मश्री झाली. पण ‘धुमधडाका’तलं ते पाइप ओढत खोकणं पुन्हा बघा. तिथे ते श्रीमंत माणूस नाहीत, श्रीमंत असल्याचं सोंग घेतलेला माणूस आहेत. खोकल्यातून जे शब्द बाहेर पडतात त्यांना काही अर्थ नाही, पण सोंग उघडं पडेल ही भीती आणि तरीही ऐट, दोन्ही त्या खोकल्यात आहे. आमच्या सिनेमातल्या घरजावयाला मात्र पिशवी सोडून काही दिलं नव्हतं. नट वाईट नव्हता. त्याला माणूस लिहूनच दिला नव्हता.

आणि तुम्ही म्हणाल याला घरजावई झोंबला म्हणून हा एवढं लिहितोय. झोंबला, मान्य. पण गडकरी रंगायतनला मी एका हौशी संस्थेच्या नाटकात घरजावयाचंच पात्र बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलोय, तेही अप्पांच्या शेजारी बसून. तो जावई लबाड होता, सासऱ्याला रमीत मुद्दाम जिंकू द्यायचा आणि त्या बदल्यात स्वतःला हवा तो चॅनल लावून घ्यायचा. सासराही काही कमी नव्हता, त्याला हे ठाऊक होतं. थट्टा तीच, पण तिथे दोघांच्या हातात पत्ते होते. फरक एवढाच आहे, आणि तो एवढासा नाही.

सिनेमा संपल्यावर सगळे आमच्याकडे जेवायला. पानं वाढली, आणि साडूभाऊंचा धाकटा, चौथीतला, मला सगळ्यांदेखत म्हणाला, “काका, तुम्ही पण घरजावई आहात ना? मग आजीची पिशवी तुम्हीच उचलता?”

पोराची काही चूक नाही. तीन तास त्याला तेच शिकवलं होतं. मेव्हणी त्याच्यावर डोळे वटारते आहे, बायको कोशिंबिरीत चमचा फिरवते आहे, आणि साडूभाऊ हसू दाबून ताटात बघताहेत. अप्पा आयुष्यभर कोर्टात शिरस्तेदार होते, त्यांचा चेहरा हलत नाही. त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि नातवाला समजावून सांगावं तसं म्हणाले, “तुझे बाबा गणपतीत आले ते अनंत चतुर्दशी उलटल्यावर गेले. तेव्हा त्यांची पिशवी मी उचलत होतो.”

आणि पुन्हा पेला तोंडाला लावला. कुणाकडे बघितलं नाही, आवाज चढवला नाही. सगळ्यात आधी आई हसल्या, मग पोरगा, सगळ्यात शेवटी साडूभाऊ, आणि ते मनापासून हसले हे मी कबूल करतो. ‘प्यां’ची गरज पडली नाही.

मला तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर तिथे मिळालं. फॅमिली सिनेमा म्हणजे ज्यात शिवी नाही तो, ही व्याख्या साडूभाऊंची. माझी अशी की सिनेमा सुटल्यावर जेवणाच्या पानावर ज्याची उजळणी सगळ्यांना करता येते तो. तिकिटं काढण्याआधी एक काम करा. गोष्टीत हसण्याचं गिऱ्हाईक कोण आहे ते बघा: जाडी बाई, तोतरा माणूस, सावळी मुलगी, लग्न न झालेली आत्या, गावाकडचा नोकर. मग आपल्या रांगेत त्यातलं कोण बसणार आहे ते मोजा. तुमच्याकडचं गप्प बसणारं कोण हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं तुम्हाला ते ठाऊक आहे. नसेल तर मध्यंतरात पॉपकॉर्न नको म्हणतं कोण, ते बघा.

उलट द्व्यर्थी विनोदाची मला एवढी भीती वाटत नाही. अप्पा दादा कोंडक्यांचे भक्त, ‘सोंगाड्या’पासूनचे. मुलांना त्यातलं कळत नाही, मोठे कळलं नाही असं दाखवतात, आणि घर शाबूत राहतं. टोमणा मात्र चौथीतल्या पोरालाही कळतो आणि तो घरी घेऊन येतो.

तुमच्या माणसांसाठी नेमकं नाव हवं असेल तर २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. दादासाहेब फाळक्यांवरचा, परेश मोकाशींचा, भारताकडून ऑस्करला गेलेला. ऑस्करवरून जड असेल असं समजू नका. घरातलं सामान विकून सिनेमा काढायला निघालेला बाप, आणि त्याला वेड्यात न काढता कामाला लागलेली बायको-पोरं. फाळके स्वतः त्यात हास्यास्पद आहेत आणि तरी त्यांची टर कुणी उडवत नाही. नंदू माधव डोळे चमकवत काम करतात. सात वर्षांच्या मुलीलाही यात गंमत वाटेल, आमच्याकडच्या पोरांना वाटली.

आता जरा सावरून घेतो, नाहीतर खाली लोक येतीलच. एक, ‘बनवाबनवी’तल्याही दोन-तीन जागा आजच्या मुलांसोबत बघताना खटकतात, साडी नेसलेला पुरुष म्हणजेच विनोद, असं आठवीतल्या मुलाला वाटू शकतं, तेव्हा त्याच्याशी बोला. दोन, ज्याच्यावर थट्टा आहे त्यालाच ती आवडूही शकते. आमच्या सोसायटीतले एक तोतरे बोलणारे गृहस्थ तोतऱ्या पात्रांवर सगळ्यात मोठ्याने हसतात. मी त्यांना कधी विचारलेलं नाही. तीन, आवाज बंद करून ट्रेलर बघायची युक्ती नुसत्या संवादांवर चालणाऱ्या सिनेमाला लागू होत नाही, ‘चुपके चुपके’ तशाने नापास होईल. तिथे डोळे मिटून ऐका. आणि पाचपैकी किती स्टार द्यायचे असंही तुम्ही विचारलंय, ते मला जमत नाही. साडूभाऊ देतात. सगळ्यालाच साडेतीन.

साडूभाऊ, हे वाचलंत तर इथे खाली लिहू नका, फोन करा. पुढच्या रविवारी तुम्ही येताय, सिनेमा या वेळी अप्पा निवडणार आहेत, आणि तिकिटं तुमच्याकडे लागलीत.