सर्च साइटवर जाहिराती लावण्याआधी

अभिनंदन! स्वतःची सर्च साइट उभी करणं सोपं नाही. पण जाहिरातीचा कोड लगेच सगळ्या पानांवर टाकू नकोस.

तुझ्या निकालांत चोरीच्या चित्रपटांच्या, सॉफ्टवेअरच्या लिंकही येऊ शकतात, आणि नवखे बहुतेक इथेच फसतात. ‘फाइल माझ्या सर्व्हरवर नाही, मी फक्त लिंक दाखवतो,’ असं म्हणतात. अ‍ॅडसेन्स या गूगलच्या जाहिरात-सेवेच्या धोरणात ही पळवाट नाही. जाहिरात ज्या पानावर, त्या पानावरच्या मजकुराची जबाबदारी तुझी. अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यात सर्च साइटना संरक्षण आहे खरं, पण नियंत्रण हातात असताना चोरीच्या मालातून थेट कमाई केलीस की ते जातं. आपल्याकडे आयटी कायद्याच्या कलम ७९चं संरक्षणही सशर्तच आहे.

सध्या एवढंच कर:

- जाहिराती फक्त मुख्यपानावर आणि हाताने तपासलेल्या विभागांत ठेव.
- ‘फुल मूव्ही डाउनलोड’, ‘क्रॅक’ (सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलेली प्रत) अशा शोधांवर जाहिरात बंद. लॉग (लोकांनी काय शोधलं त्याची नोंद) बघून ही यादी वाढवत जा.
- तक्रारीचा ईमेल प्रत्येक पानाच्या तळाशी दे, आणि रोज वाच. मी सुरुवातीला तो आठवड्यातून एकदा उघडायचो. फार मोठी चूक होती ती.

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं काही दिसलं, तर तिथे जाहिरातीचा प्रश्नच नाही. निकालांतून ताबडतोब काढ आणि पोलिसांना कळव. पॉक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे.

आपोआप गाळणाऱ्या फिल्टरांचं नंतर बघू. आधी महिनाभर लॉग स्वतः वाच, आणि अडलास तर बिनधास्त विचार.