किराणाची पिशवी आधी आत घे

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी नागपूरला सदरमध्ये राहते, लग्नाला 6 वर्षं झाली. चर्चच्या महिला फेलोशिपमध्ये 3 वर्षांपासून आहे, महिन्याची 50 रुपये वर्गणी कधी चुकवली नाही, सासूबाई तिथल्या अध्यक्ष आहेत. डिसेंबरात नवऱ्याची नोकरी गेली. आम्ही घरात कोणालाच सांगितलं नव्हतं, वाटलं महिन्याभरात दुसरी लागेल. एका आंटीकडे प्रार्थनासभा होती, सासूबाई तेव्हा अमरावतीला गेल्या होत्या. कोणाची प्रार्थना विनंती आहे का असं विचारलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही, रडली मी आणि सगळं बोलून गेली. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पटांगणात एक आंटी सासूबाईंना म्हणते, काळजी नका करू, पोराच्या नोकरीसाठी आम्ही सगळ्या प्रार्थना करून राहिलो. सासूबाईंना पहिल्यांदा तिथेच कळलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, नवरा म्हणतो तुझ्या त्या बायकांनी माझी इज्जत काढली. वरून दोन दिवसांनी त्यातल्याच दोघी किराणाची पिशवी घेऊन दारात. ती आठ दिवसांपासून चपलांच्या रॅकजवळ तशीच पडून आहे. मार्चमध्ये जागतिक प्रार्थना दिनाला मला वाचन दिलंय, तेही नाही म्हणावंसं वाटतंय. फेलोशिप सोडू का?"

पोरी, बाकी सगळं नंतर, आधी ती पिशवी आत घे. आठ दिवस झाले, तांदळात पोरकिडे होतील बाप्पा.

तुला ती भीक वाटून राहिली, मला कळतं. पण हिशोब कर ना, 50 रुपये महिना म्हणजे 3 वर्षांचे 1800 झाले, म्हणजे त्या तांदळात तुझेही पैसे आहेतच. कोणाच्या घरी आतापर्यंत तुझ्या पैशाची डाळ गेली असेल, तुला पत्ताही नसेल. मिझोरमच्या चर्चमधल्या बायका रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना मूठभर बाजूला काढून चर्चसाठी ठेवतात, 1910 पासून चालू आहे ते, आणि त्या मुठी विकून केवढाले खर्च निघतात. आपल्याकडे मुठीच्या जागी वर्गणी आणि नाताळच्या करंज्यांची विक्री, एवढाच फरक.

आता त्या आंटीबद्दल. माझे बाबा मेडिकलला अॅडमिट होते तेव्हाची गोष्ट सांगते. आईच्या फेलोशिपच्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या, रात्रीला कोण, सकाळी चहा कोण आणणार, सगळं ठरलेलं. एक काकू रोज दुपारी गोळाभाताचा डबा आणायची, मे महिन्यात, डोक्याला ओढणी गुंडाळून, डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं वॉर्ड नंबर लिहिलेला, कारण आदल्या दिवशी डबा दुसऱ्याच पेशंटकडे गेला होता. सतरा दिवस आणला तिनं. आणि त्याच काकूनं चर्चभर केलं की माझी वहिनी एकदाही दवाखान्यात दिसली नाही, भावाचं आणि तिचं काहीतरी बिनसलंय. बिनसलं होतंच, पण ते आम्ही आईपासून लपवलं होतं. मी त्या काकूशी दोन वर्षं बोलली नाही. बाबा गेल्यावर आमच्या घरी चूल पेटली नाही तेव्हा पोळ्या कोणाकडून आल्या? तिच्याचकडून, आणि मी त्या खाल्ल्या पण आणि तरी तोंड फिरवून बसली, आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

हे सगळं काम चालतं कशावर, तर माहितीवर. कोण आजारी आहे, कोणाची डिलिव्हरी झाली, कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, हे कोणी फॉर्म भरून कळवत नाही, एकीनं दुसरीला सांगितलं की डबा निघतो. बातमी फिरली नाही तर डबा पण फिरणार नाही. जागतिक प्रार्थना दिनाचं ब्रीदच आहे ना ते, जाणून प्रार्थना करा आणि प्रार्थनेतून काम करा. त्या आंटीनं जाणून घेतलं, प्रार्थना केली, पिशवी पण आणली, म्हणजे तिचा पेपर जवळपास सगळा बरोबर आहे. चुकली एकाच ठिकाणी, जी बातमी सासूबाईंना फक्त तुम्ही दोघांनी द्यायची होती ती तिनं देऊन टाकली. मुद्दाम? मला नाही वाटत, तिला वाटलं असेल घरच्यांना तर माहीतच असणार. (काही जणी मुद्दाम करतात हे पण खरं, "प्रार्थनेत ठेवा बरं का" म्हणून सुरू होणारी प्रत्येक गोष्ट प्रार्थनेसाठी नसते, मी पण एकदोनदा असं बोलली आहे.)

तर तिच्याकडे जा, एकटी जा. मत्तयाच्या 18 व्या अध्यायात हेच सांगितलंय, आधी दोघंच असताना बोला. ग्रुपवर मेसेज नको टाकू आणि दुसऱ्या आंटीला मध्ये घालू नको, नाहीतर एक नवीनच बातमी तयार होईल. सरळ म्हण, आंटी, तुम्ही आमच्यासाठी धावल्या ते मी विसरणार नाही, पण ही गोष्ट आईंना आम्हाला सांगायची होती, तुमच्या तोंडून कळली म्हणून घरात फार झालं. एवढंच. ती कदाचित रडेल, कदाचित चिडेल, तू उठून चहा ठेव. आणि पुढच्या सभेत कोणीतरी एकदा मोठ्यानं म्हणायला पाहिजे की इथलं इथेच राहील, ते तूच म्हण. तुला पुढेही बोलावंसं वाटेल तेव्हा "एका घरात नोकरीची अडचण आहे" एवढं सांगितलं तरी प्रार्थना होते, देवाला नाव-पत्ता लागत नाही.

सासूबाईंचं दुखणं नोकरीचं नाहीच आहे गं. दुसऱ्यांच्या घरच्या अडचणीत ज्या बाईला सगळ्यात आधी फोन येतो, तिला स्वतःच्या पोराची अडचण पटांगणात चारचौघांत कळली. माफी तिची मागायची आहे, आणि ती तू एकटीनं नाही, नवऱ्यानं. लपवायचं दोघांनी ठरवलं होतं ना, मग त्याला म्हण, इज्जत बायकांनी काढली की नाही ते नंतर बघू, आधी आईजवळ जाऊन बस.

आणि वाचन सोडू नको. यावर्षी, म्हणजे 2026 ला, 6 मार्चला आहे, दरवर्षी एकेका देशाच्या बायका ही उपासना लिहितात, यावेळची नायजेरियाच्या बायकांनी लिहिली आहे, विषय मत्तय 11:28 वरून, कष्टी आणि भाराक्रांत लोकांनो माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन. हे वाचायला सध्या तुझ्याइतकी योग्य दुसरी कोण आहे सांग. आणि फेलोशिप सोडायचं म्हणशील तर, 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्या सदरच्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 6 वेगवेगळ्या चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याआधी कितीतरी वर्षं बाप्तिस्मा कसा द्यायचा, बिशप पाहिजे की नको यावर बसून बोलणी केली त्यांनी. तुमचं भांडण तर एका वाक्याचं आहे.

पिशवी धुवून परत दे, पण रिकामी देऊ नको, मृगाची संत्री आली आहेत, चार-सहा टाक.