पिंपातल्या बरगड्या कडू का झाल्या?

प्रश्न : मे महिन्यातील एका शनिवारी मुलाचे मित्र मळ्यावर मुक्कामाला आले होते. त्या निमित्ताने लोखंडी पिंप आडवे कापून त्यात बोकडाच्या बरगड्या धुरावर शिजवल्या. कोळशावर भिजवलेली लाकडे ठेवली आणि धूर बाहेर जाऊ नये म्हणून झाकणाची सर्व भोके बंद केली. अडीच तासांनी मांस बाहेरून काळे व कडू आणि आतून चिवट निघाले. चूक कोठे झाली?
– एक वाचक, मिरज तालुका, जि. सांगली

उत्तर : धूर कोंडला की तो मांसात अधिक मुरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु आपल्या बरगड्या बिघडल्या त्या त्यामुळेच. हवा न मिळालेले लाकूड नीट जळत नाही, नुसते धुमसते, आणि त्याचा दाट पांढरा धूर काजळी व कडवट डांबरी अंश मांसावर बसवतो. आपल्याला हवा असतो तो जेमतेम दिसणारा, निळसर, वाहता धूर. त्यासाठी वरचे भोक पूर्ण उघडे ठेवावे आणि आच कमी-जास्त करायची ती खालच्या भोकातून. लाकूड भिजवू नये. पाणी उडून जाईपर्यंत त्यातून वाफच निघते आणि निखारे मंदावतात. आंब्याचे किंवा पेरूचे चांगले वाळलेले, मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. निलगिरी, सुरू, प्लायवूड किंवा रंग दिलेल्या फळ्या अजिबात वापरू नयेत.

चिवटपणाचे कारण वेगळे आहे. बरगडीच्या मांसात कोलॅजन नावाचा चिवट भाग भरपूर असतो आणि मंद आचेवर बराच वेळ राहिल्यावरच तो विरघळून मऊ जिलेटिन होतो. निखारे पिंपाच्या एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला आणि मांसाखाली पाण्याचे पसरट भांडे अशी मांडणी करून आतले तापमान ११० ते १२० अंश सेल्सिअस ठेवावे. डुकराच्या बरगड्यांना या आचेवर पाच-सहा तास लागतात; बोकडाची पट्टी पातळ व कमी चरबीची असल्यामुळे साधारण साडेतीन ते चार तास धरावेत आणि दोन तासांनंतर ती थोड्या यखनीसह फॉइलमध्ये गुंडाळावी, म्हणजे कोरडी पडत नाही. मांसाचे तापमान सत्तरच्या आसपास बराच वेळ अडून राहते, कारण पृष्ठभागावरचे पाणी उडताना मांस थंड होत असते. नेमक्या याच वेळी अधीर होऊन बरेच जण कोळसा वाढवतात. तसे करू नये. मांस ९० अंशांच्या पुढे गेले आणि हाडाचे टोक बोटाच्या पेराएवढे उघडे पडले की शिजले असे समजावे.

खाटकाला आधीच सांगून पट्टी अखंड घ्यावी, कारण सांगितले नाही तर तो सवयीने रश्श्याचे तुकडे करून देतो. आतल्या बाजूचा पातळ पडदा ओढून काढावा आणि आदल्या रात्री मीठ, हळद व कांदा-लसूण मसाला लावून पट्टी फ्रिजमध्ये ठेवावी. गूळ-चिंचेचा लेप मात्र शेवटच्या अर्ध्या तासातच, फॉइल उघडून लावावा. आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हात कच्चे मांस तासापेक्षा अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये.

पिंपाविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. त्यात पूर्वी कीटकनाशक किंवा कोणतेही रसायन असेल, तर ते कितीही धुतले, जाळले तरी स्वयंपाकासाठी घेऊ नये. जस्ताचा मुलामा असलेले पिंपही नको, कारण तापल्यावर त्यातून विषारी वाफा निघतात. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असल्याने पाऊस आला तरी पिंप शेडमध्ये किंवा घरात ओढू नये.

रात्री आठला जेवायचे असेल, तर तीनच्या सुमारास कोळसा पेटवावा आणि पावणेचारला मांस आत ठेवावे. काढल्यावर वीस मिनिटे झाकून ठेवून मगच हाडाहाडांमधून कापावे. सोबत ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि लिंबू द्यावे. मांसाला धुराची चव असताना तांबडा रस्सा शेजारी वाढू नये, असे माझे मत आहे.